‘महानिर्वाण’ आईला कळलं, मला नाही. असं का झालं असेल?

कृष्णाकाठ

गेल्या महिन्यात आईला घेऊन पुण्यात ‘महानिर्वाण’चा प्रयोग पाहिला. एका हौशी संस्थेनं केला होता. आई एकाहत्तर वर्षांची, सगळं आयुष्य वाईत गेलेलं. तिनं पाहिलेली नाटकं मोजायला एका हाताची बोटं पुरतील. मी मात्र महिन्याला एखादं नाटक पाहतेच, कधी बालगंधर्वला, कधी यशवंतरावला. त्यामुळे आमच्या दोघींत नाटकातलं कळतं ते मला, असा माझा पक्का समज.

पडदा उघडल्यावर भाऊराव मरतो आणि उठून स्वतःच्याच मरणाचं कीर्तन सुरू करतो. पहिली वीस मिनिटं मी हिशोब लावत बसले. हे स्वप्न आहे का? भूत आहे का? बायकोला तो दिसतोय की नाही? तो जे गातोय ते चाळकऱ्यांना ऐकू येतंय की फक्त आम्हाला? आता ‘खरं काय’ ते उलगडेल म्हणून वाट पाहत राहिले आणि तोवर अर्धं नाटक हातचं गेलं.

शेजारी आई मनसोक्त हसत होती. एका गजराला तर तिनं टाळ्यांचा ठेका धरला. पुढच्या रांगेतल्या बाईंनी वळून पाहिलं तरी थांबली नाही.

मध्यंतरात चहा घेताना तिला विचारलं, “तुला कळतंय का हे?” ती म्हणाली, “अगं, बुवा एकटेच सगळे होतात की. त्यात काय कळायचंय?”

तर प्रश्न असा. प्रायोगिक नाटक गोष्ट सांगण्याची नेहमीची पद्धत मोडतं, असं सगळीकडे वाचते. मग ज्या बाईला ‘प्रायोगिक’ हा शब्दही माहीत नाही तिचा गोंधळ झाला नाही आणि माझा का झाला? नक्की काय मोडतं, आणि कुणासाठी? कृपा करून व्याख्या देऊ नका, त्या मला सापडल्यात. पाहिलेलं, केलेलं काही असेल तर सांगा.

---

तिसरीघंटा

आईंना माझा नमस्कार सांगा. त्यांनी मध्यंतरात जे उत्तर दिलं त्यावर इथं कुणी फार भर घालू शकेल असं वाटत नाही. तरी मला बोलायची सवय आहे, चालवून घ्या.

मी नट नाही की दिग्दर्शक नाही. डोंबिवलीचा. दिवसा बँकेत नोकरी, संध्याकाळी आणि रविवारी बॅकस्टेज. 1977 साली, एकोणिसाव्या वर्षी, दादरच्या छबिलदास शाळेच्या हॉलमध्ये पहिल्यांदा गेलो, तेव्हा मला मिळालेलं काम म्हणजे प्रयोगाआधी लेव्हल्स, म्हणजे रंगमंचावरचे चौथरे, उचलून जागेवर लावायच्या आणि प्रयोग संपला की परत भिंतीला. सकाळी तिथं शाळा असायची. ‘आविष्कार’ या नाट्यसंस्थेनं 1974 च्या सुमारास तो हॉल नाटकासाठी धरला आणि पुढे बरीच वर्षं ‘छबिलदास’ हे शाळेचं नाव न राहता नाटकाच्या एका जातीचं नाव झालं. खाली गल्लीत बटाटेवडा, वर बंगाली नाटककार बादल सरकार. वड्याचा वास पहिल्या अंकापर्यंत टिकायचा.

तुमचा गोंधळ का झाला? माझ्या मते, तुम्हाला जे ‘नेहमीचं’ वाटतं ते तितकं जुनं नाही. विष्णुदास भाव्यांनी 1843 ला सांगलीत ‘सीता स्वयंवर’ केलं, त्यात सूत्रधार मागे उभा राहून सगळी कथा गात होता आणि पात्रं ती करून दाखवत होती. राम रंगवलेला आहे हे पहिल्या रांगेतल्या पोराला दिसत होतं, त्यानं कुणाचं काही बिघडलं नाही. मग 1880 ला किर्लोस्करांचं ‘शाकुंतल’ आलं. पुढच्या काळात तर सगळं पदांवर चाललेलं. नायिका म्हणजे शेलाट्या अंगाचा पुरुष. त्याचं पद रंगलं की ‘वन्स मोअर’, आणि विरहानं व्याकूळ झालेली नायिका तोच विरह पुन्हा पहिल्यापासून गाणार, एकदा नाही, दोनदा, तीनदा. गोष्ट तिथंच खोळंबलेली. कुणी म्हणालं का, की अहो, भ्रम मोडला?

दिवाणखाना नंतर आला. ‘नाट्यमन्वंतर’ या संस्थेनं 1933 साली ‘आंधळ्यांची शाळा’ केलं. मूळ नाटक नॉर्वेजियन, ब्यर्न्सनचं. मराठी रूप वर्तकांचं. तीन भिंतींची खरी वाटणारी खोली, बायकांच्या भूमिकांत बायका, माणसं घरात बोलतात तशी बोलणारी. त्या काळात *तो* प्रयोग होता! आजोबा मंडळींनी नाकं मुरडली असणार. पुढच्या तीस-चाळीस वर्षांत तोच प्रयोग इतका रुळला की सोफा, जिना, टेलिफोन आणि मागे खिडकीतलं रंगवलेलं आकाश म्हणजेच नाटक, असं आपल्या डोक्यात बसलं. तुमच्या डोक्यात ते आहे. माझ्याही होतं. आईंच्या डोक्यात सोफा कधी शिरलाच नाही. त्यांनी कीर्तन पाहिलंय, तिथं एकच बुवा पगडी-उपरणं न बदलता द्रौपदी होतो, दुःशासन होतो, मध्येच थांबून लहान पोरांना गप्प बसवतो आणि पुन्हा द्रौपदी होतो.

आता एक किस्सा. त्यातून मी एक चुकीचा धडा घेतला होता, म्हणून सांगतो.

ऐंशीच्या दशकात पैशांसाठी मी काही दिवस व्यावसायिक दौरे केले. कौटुंबिक नाटक होतं, नाव नको. श्रीमंत वडील, मृत्युपत्र, दोन सुना, टेलिफोन. पंढरपूरकडच्या एका गावात प्रयोग. नटांची बस पोचली, सेटचा ट्रक घाटात आडवा पडला, म्हणजे ॲक्सल गेला. कंत्राटदारानं तिकिटं विकलेली, मंडपात हजारभर माणूस. मॅनेजर म्हणाला, करा. गावच्या शाळेतून चार बाकं आणली. दोन बाकं जोडून सोफा. जिना नव्हता, म्हणून माडीवरून येणारी सून डावीकडून येताना पायऱ्या उतरल्यासारखी चालली. टेलिफोन नव्हता. मी विंगेतून तोंडानं ‘ट्रिंग ट्रिंग’ केलं.

पहिल्यांदा मंडप खदखदून हसला. नटानं हवेतला रिसीव्हर उचलला तेव्हा शिट्ट्या. दुसऱ्यांदा फोन वाजला तेव्हा चार-दोन पोरं हसली. तिसऱ्या अंकात अपघाताची बातमी फोनवर येते. मी ‘ट्रिंग ट्रिंग’ केलं आणि मंडपात चिडीचूप. एक म्हातारी मोठ्यानं म्हणाली, “उचलू नको रं.” माझ्या अंगावर काटा आला. माझ्या तोंडच्या घंटीला घाबरली ती!

(प्रयोगानंतर एक गृहस्थ तिकिटाचे अर्धे पैसे परत मागायला आले. म्हणाले, तिकिटात सोफा होता. मॅनेजरनं त्यांना चहा पाजून वाटेला लावलं.)

मुंबईला परतल्यावर मी हे छबिलदासच्या जिन्यात एका जुन्या कार्यकर्त्याला रंगवून सांगितलं आणि छाती फुगवून म्हणालो, आम्ही प्रायोगिक नाटक केलं. त्यांनी वड्याचा घास संपवला आणि म्हणाले, “फोन तर होताच ना नाटकात?”

मला ते कळायला वर्ष लागलं. सेट नसणं म्हणजे प्रयोग नव्हे. आमचं नाटक दिवाणखान्याचंच होतं, फक्त दिवाणखाना घाटात अडकला होता. फोन वाजणार, बातमी येणार, गैरसमज होणार, तिसऱ्या अंकात फिटणार. ‘पुढे काय?’ या एका दोरीवर सगळे कपडे वाळत घातलेले. ‘महानिर्वाण’नं 1974 ला ती दोरीच कापली. नायक पहिल्याच झटक्यात मेलेला आहे. पुढे काय व्हायचं राहिलं? फक्त जाळायचं. आणि तेही होत नाही, कारण भाऊरावाला जुन्याच स्मशानात जळायचं आहे आणि ते तर बंद होतंय. म्हणजे तुम्ही ‘खरं काय’ उलगडायची वाट पाहत होतात, पण नाटककार सतीश आळेकरांनी उलगडण्यासारखं काही ठेवलंच नव्हतं. मेलेला माणूस सांगतोय हीच बातमी, आणि ती पहिल्या मिनिटाला दिलेली.

चंद्रकांत काळ्यांचा भाऊराव मी पाहिलाय. आवाज अस्सल बुवाचा, आणि बोलणं पेठेतल्या भाडेकरूचं. हसत हसत पाहावं आणि घरी गेल्यावर आपल्या वडिलांकडे बघवू नये, असं काहीतरी.

---

बुकिंगक्लार्क

तिसरीघंटा काकांचं लिखाण नेहमीप्रमाणे गोड. पण दुसरी बाजूही कुणी मांडावी.

मी प्रायोगिकच्या नावाखाली एका छोट्या सभागृहात पन्नास मिनिटं दोन माणसं एकमेकांना बादली देताना पाहिली आहेत. बादली रिकामी होती. शेवटी ती प्रेक्षकांपैकी एकाच्या हातात दिली, आणि तो एक मी होतो. मग चर्चा झाली. चर्चेत बादली म्हणजे व्यवस्था असं ठरलं. मला बादली धुवायच्या आधीची वाटली.

‘गोष्ट मोडतो’ म्हणणाऱ्या निम्म्या लोकांना गोष्ट सांगता येत नाही, हे कुणी म्हणायचं की नाही? तेंडुलकर, आळेकर यांची चार नावं पुढे करून बाकीच्या चारशे बादल्या पचवायच्या का? आणि प्रेक्षकाला कळलं नाही तर दोष नेहमी प्रेक्षकाचाच, ही कुठली पद्धत? मूळ प्रश्न विचारणाऱ्या ताईंना वाटलं, आपल्यातच काही कमी आहे. तसं काही नाही, ताई.

---

नमनखेळे

फक्त एवढंच सांगायला आलो. आमच्या संगमेश्वराकडे शिमग्यात नमन असतं. पायांत चाळ बांधलेली माणसं ओळीनं उभी राहून गातात, त्यांच्या मागून सोंग पुढे येतं, परत ओळीमागे जातं. पहिल्यांदा तेंडुलकरांचं ‘घाशीराम कोतवाल’ पाहिलं तेव्हा बरोबरचे सगळे त्या ब्राह्मणांच्या ओळीला ‘केवढी आधुनिक कल्पना’ म्हणत होते, आणि मला गावचं पटांगण दिसत होतं. कृष्णाकाठच्या आईंचं काय झालं असेल ते मला बरोबर कळतं.

---

तिसरीघंटा

@बुकिंगक्लार्क, बादली मान्य. मी तर बादल्या उचलल्यात. एका प्रयोगाला अकरा प्रेक्षक होते, त्यातले तीन नटांचे नातेवाईक आणि एक हॉलचा शिपाई, जो कुलूप लावायला थांबला होता. नाटक संपल्यावर त्यानं मला विचारलं, “साहेब, संपलं का दिवे गेले?” त्या नाटकावर याहून नेमकं परीक्षण छापून आलं नाही. तेव्हा कळलं नाही तर प्रेक्षकाचा दोष, हे मी म्हणणार नाही. ज्याला घड्याळ जोडता येत नाही त्यानं ते उघडू नये.

पण जोडता येणाऱ्यानं उघडलं की काय होतं ते ‘घाशीराम’मध्ये दिसतं. नमनखेळेंनी ओळीचा विषय काढलाच आहे. दिवाणखान्याच्या नाटकात भिंत निष्पाप असते. तिच्यासमोर खून झाला तरी ती रंगवलेलं कापड. ‘घाशीराम’मध्ये भिंत माणसांची आहे. पाठमोरी उभी राहिली की आड लपवते, वळली की देवाचं गाते, पुन्हा वळली की तीच माणसं बावनखणीत, कलावंतिणींच्या वस्तीत जातात. मागे काय चाललंय हे त्यांना माहीत आहे आणि ते आपल्याला दिसू नये म्हणून ती डुलत उभी आहेत. कृष्णदेव मुळगुंदांनी बसवलेल्या त्या हालचाली आणि भास्कर चंदावरकरांचं संगीत इतकं गोड, की आपण ताल धरतो, आणि मध्येच लक्षात येतं की आपण लपवणाऱ्यांच्या बाजूनं ताल धरलाय. हे तुम्ही संवादात लिहून दाखवा. नाही जमणार. ‘नाना दुष्ट होता’ हे वाक्य कुणीही लिहील. पण भिंतीत उभं राहायला मजा येते, हे कळण्यासाठी भिंतच लागते.

म्हणूनच ते झोंबलं. 16 डिसेंबर 1972 ला भरत नाट्य मंदिरात पहिला प्रयोग, आणि एकोणीस प्रयोगांनंतर नाटक करणाऱ्या संस्थेतच बंद पाडलं गेलं. मग जब्बार पटेल, मोहन आगाशे, आळेकर वगैरे मंडळी बाहेर पडली आणि 1973 ला ‘थिएटर अकॅडमी’ झाली. भांडण वरवर नाना फडणवीसांच्या बदनामीचं होतं. मला नेहमी वाटतं, नाना एकटा बदनाम झाला असता तर इतकं पेटलं नसतं. भिंत बदनाम झाली.

आता माझं सगळ्यांत लाडकं, आळेकरांचंच ‘बेगम बर्वे’. 1979. याच्यावर मी तास-दोन तास बोलू शकतो, घरी त्यावर बंदी आहे.

बर्वे हा संगीत नाटक कंपनीच्या काळातला उरलेला माणूस. स्त्रीभूमिका करायची हौस राहून गेलेली, आता उदबत्त्या विकतो, श्यामराव नावाचा टांगेवाला त्याला राबवून घेतो. दुसरीकडे जावडेकर आणि बावडेकर हे दोन कारकून, एका खोलीत राहणारे, ऑफिसातल्या नलावडेबाईंची स्वप्नं बघणारे. बर्वेच्या उदबत्तीच्या वासानं म्हणा, नाट्यपदानं म्हणा, ही दोन स्वप्नं एकमेकांत शिरतात. बर्वे नलावडेबाई होतो, जावडेकराशी लग्न होतं, दिवस जातात, डोहाळे लागतात.

मी एका प्रयोगाला प्रकाशयोजनेच्या बोर्डावर बसलेल्या मित्राच्या शेजारी होतो. त्याला विचारलं, स्वप्न सुरू झालं की लाइट बदलायचा का? निळा वगैरे? तो म्हणाला, “बदलला की मेलं.” कारण निळा प्रकाश दिला की तुम्हाला सुटका मिळते. हे खोटं, ते खरं, अशी फाइल लावता येते. इथं तसं काही देत नाहीत. एका पदाच्या ओळीत माणूस पलीकडे जातो आणि दुसऱ्या ओळीत परत आपटतो.

आणि गंमत बघा. समोर पुरुष आहे, हे माहीत आहे. त्यानं साडी नेसली म्हणून ते कमी झालेलं नाही. तरी डोहाळ्यांच्या वेळी आपला जीव खालीवर होतो. हे नाटक मराठीतच होऊ शकतं असं मी म्हणतो ते यासाठी. आमच्या आजी-आजोबांनी बालगंधर्वांकडे बघून साड्या घेतल्यात, अंबाडे घातलेत. पुरुषाला बाई मानायची आपल्याला चांगली पन्नास-साठ वर्षांची तालीम आहे. आळेकरांनी तीच सवय पकडली आणि विचारलं, की बाबांनो, तुम्ही त्या पुरुषाला रंगमंचावर डोक्यावर घेतलंत, मग पडदा पडल्यावर त्याचं काय झालं? जे नट मोठे झाले ते इतिहासात गेले. जे नाही झाले ते उदबत्त्या विकतात. शेवटाकडे श्यामराव येऊन त्या स्वप्नाचं जे करतो ते पाहवत नाही. माझी बायको त्या रात्री लोकलमध्ये ठाण्यापर्यंत काही बोलली नाही. एरवी ती नाटकाच्या कास्टिंगबद्दल कुर्ल्यापासूनच सुरुवात करते.

---

गोदातीर

काकांचं सगळं मान्य, पण या धाग्यात आतापर्यंत जी नाटकं आली ती पुण्याची, माणसं पेठेतली, चाळीतली. गोष्ट *कशी* सांगायची हे बदललं. *कुणी* सांगायची, हे छबिलदासमध्ये किती बदललं?

मी जालना जिल्ह्यातला. कॉलेजात एकांकिका करायचो. स्पर्धेत परीक्षक दर वर्षी आमच्या कार्डावर ‘उच्चारांकडे लक्ष द्या’ असं लिहायचे. एका वर्षी आमच्या नाटकात शेतकरी बाप होता आणि तो आमच्या बापासारखाच बोलत होता. तरी ‘उच्चारांकडे लक्ष द्या’. म्हणजे बापाचे उच्चार चुकीचे. मी स्पर्धा सोडली.

मग 2012 ला ‘शिवाजी अंडरग्राउंड इन भीमनगर मोहल्ला’ आलं. संकल्पना संभाजी भगतांची, लिहिलं राजकुमार तांगडेनं, बसवलं नंदू माधवांनी. आणि नट आमच्या बाजूची पोरं, खऱ्या अर्थानं शेतात जाणारी. यम शिवाजी महाराजांना न्यायला येतो, आणि माणूस नेता येतो पण विचार नेता येत नाही, अशी पंचाईत होऊन तो ज्याच्या डोक्यात विचार बसेल असं डोकं शोधत फिरतो. ही काही सरळ गोष्ट नाही. यम, शाहिरी, सवाल-जवाब, मोहल्ल्यातली जयंतीची वर्गणी, सगळं एकात एक. पण माझ्या शेजारी बसलेल्या मामाला, जो आयुष्यात पहिल्यांदा एसी नाट्यगृहात आला होता, एकदाही विचारावं लागलं नाही की हे खरं की स्वप्न. त्याला एवढंच आश्चर्य वाटत होतं की स्टेजवरचा माणूस आपल्यासारखं बोलतोय आणि तो विनोदी नोकर नाही.

माझ्यासाठी मोडलं ते हे. आतापर्यंत आमची बोली रंगमंचावर यायची ती चहाचा ट्रे घेऊन. इथं ती महाराजांबद्दल वाद घालत होती.

आणि त्याही आधी, 1983 मध्ये, ज्योती म्हापसेकरांचं ‘मुलगी झाली हो’ होतं, स्त्री मुक्ती संघटनेचं. सगळ्या बायका, पुरुषांची कामंही बायकाच करणार, नाट्यगृह नको, पडदा नको, वस्तीत उभं राहायचं आणि ओव्या-भारुडाच्या चालीत सुरू. माझ्या आईनं ते आमच्या तालुक्याच्या गावी पाहिलंय. तिला ‘घाशीराम’ माहीत नाही. प्रायोगिक नाटकाची यादी करताना हे नाव लोक का विसरतात, ते काकांनी सांगावं.

---

तिसरीघंटा

@गोदातीर, मी विसरलो, म्हणून लोक विसरतात. मी ज्या जिन्यात वडा खात होतो तिथून ते दिसत नव्हतं. छबिलदासचे हॉलभर लोक एकमेकांना नावानं ओळखायचे. तेव्हा ते फार भारी वाटायचं, आता वाटतं तेच दुखणं होतं. बादल सरकार सांगत होते की नाटक स्वस्त करा, हलकं करा, उचला आणि लोकांत न्या. त्यांचं ‘मिछिल’ आपल्याकडे ‘जुलूस’ झालं, अमोल पालेकरांनी केलं, प्रेक्षकांच्या मधून मोर्चा फिरायचा, आम्ही थरारून जायचो. पण मोर्चा हॉलच्या दारापर्यंत जायचा आणि परत यायचा. दाराबाहेर तो ज्योतीताईंच्या बायकांनी नेला. लेव्हल्स न उचलता.

‘उच्चारांकडे लक्ष द्या’ वाचून वाईट वाटलं. मीही एकदा तालुका पातळीवर परीक्षक म्हणून बसलो होतो. काय लिहिलं होतं ते आठवत नाही, आणि आठवू नये असंच वाटतंय.

---

कृष्णाकाठ

सगळ्यांचे आभार. बुकिंगक्लार्क, माझ्यात काही कमी नाही हे लिहिल्याबद्दल तुमचे जरा जास्त.

काल वाईला गेले होते. काकांचा किस्सा आईला वाचून दाखवला. ‘उचलू नको रं’ला ती इतकी हसली की खोकला लागला. मग ‘बेगम बर्वे’बद्दल सांगितलं, तर म्हणाली, आमच्या आप्पांनी गंधर्वांचं नाटक पाहिलं होतं, त्यांच्या म्हातारपणातलं. अंग सुटलेलं, चालवत नव्हतं, तरी पद सुरू झालं की आप्पा म्हणायचे, बाई उभी आहे. आप्पांना हे शेवटपर्यंत पटवून देता आलं नाही म्हणे, की ती बाई नव्हती. हे मला इतक्या वर्षांत कधी सांगितलं नव्हतं तिनं.

मी विचारलं, मग ‘महानिर्वाण’मध्ये तुला खटकलं असं काहीच नव्हतं का?

होतं म्हणाली. कीर्तन झालं, पण आरतीचं ताट फिरलं नाही. तिनं दहाची नोट घडी करून मध्यंतरापासून मुठीत धरून ठेवली होती. बाहेर पडताना रिक्षावाल्याला दिली.